येळवसेची सुट्टी

"येळवसेला सुट्टी? तुला?"

भाकरी थापता थापता आत्यांचा हात परातीतच थांबला. तवा तापून धूर सोडायला लागला तरी त्यांचं लक्ष नाही. "खरं सांगायलीस का चेष्टा करायलीस?"

"खरं, आत्या. मागितली, मिळाली."

"आगं माझे बाई! नोकरी लागल्यापून कवा न्हाय ते! शिवांजली, ऐकलंस का गं? तुझी माय यायलीय यंदा शेतात!"

त्या उठल्याच. पिठाच्या हातानंच माझ्या गालावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. माझ्या खाकी कुर्त्यावर पीठ सांडलं. मग देवापुढं साखर ठेवायला आत गेल्या. आणि मी तिथंच उभी, तोंडात जीभ नसल्यासारखी. एरवी मला गप्प बसवायला अख्खी गाडी कमी पडते.

मी राजेश्वरी. एसटीत कंडक्टर आहे, धाराशिव डेपोला. बेंबळीत राहते. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, कस्तुराबाई. पुण्या-मुंबईच्या लोकांना माहीत नसेल म्हणून सांगते, मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं येळवस असते. त्या दिवशी अख्खा जिल्हा शेतात जाऊन जेवतो. दुकानं बंद, रस्ते ओस. आणि त्या ओस रस्त्यांवरून रिकाम्या गाड्या पळवायच्या कुणी, तर आम्ही. नोकरी लागल्यापासून मी येळवस बघितली ती गाडीच्या खिडकीतून. आत्यांचा सगळा राग त्यावरच होता. सून पगार आणते त्याचं कौतुक, पण येळवसेला सून शेतात नाही याचं दुःख त्याहून मोठं.

सुट्टी मागताना माझ्या डोक्यात येळवस नव्हतीच. आत्यांशी हे बोलणं झालं त्याच दिवशी सकाळी मी धाराशिवच्या एका लेडीज डॉक्टरांच्या दवाखान्यात बसून, त्यांच्यासमोर एक गोळी गिळून आले होते. मला दिवस गेले होते आणि मला ते नको होतं. राहिलेल्या गोळ्या पुडीत बांधून पर्समध्ये होत्या. त्या परवा सकाळी घरी घ्यायच्या. मग पोटात दुखणार, अंगावरून जाणार, सगळं पडून जाणार, दोन दिवस पडून राहायचं. सुट्टी होती ती त्यासाठी. आणि परवा सकाळी म्हणजे ऐन अमावस्या, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. अख्ख्या डेपोचं वेळापत्रक तोंडपाठ असलेली बाई मी, आणि घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं राहिलं.

आता नको का होतं, तर ऐका. माझा मोठा, रणधीर, लातूरला अकरावीत. त्याला मिशी फुटलीय. शिवांजली आठवीत. तांबी त्रास द्यायला लागली म्हणून काढली आणि ऑपरेशन करू करू म्हणत राहून गेलं. पोराच्या ओठावर मिशी आणि आई पोट घेऊन गल्लीतून चाललीय, म्हटल्यावर बायका पदराआड काय काय बोलतील ते मला आधीच ऐकू यायला लागलं होतं. दुसरं म्हणजे शिवांजलीच्या वेळी मी पोट पुढं घेऊन धावत्या गाडीत उभ्यानं तिकिटं फाडलीत. तेव्हा पंचविशी होती. आता कंबर बसल्या जागी बोलते. पुन्हा तेच सगळं करायचं म्हटलं तर अंगावर काटा यायचा.

मालकांना सांगितलं तेव्हा ते दुकानात मोटारीत तार भरत बसले होते. महारुद्र त्यांचं नाव. बेंबळीच्या स्टँडवर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. हातातली तार न सोडता म्हणाले, "तू म्हणशील तसं."

"मला नको वाटायलंय."

"बरं."

संपलं. दवाखान्यात सोबत आले, बाहेर बाकावर बसले, येताना मला उसाचा रस पाजला. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं माझ्या बहिणी म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. आत मॅडमनी मला दोनदा विचारलं होतं, "निर्णय तुमचाच आहे ना? कुणाची जबरदस्ती नाही ना?" मी म्हटलं, "माझाच." ते खोटं नव्हतं.

आत्या साखर ठेवून बाहेर आल्या. "यंदा काळ्या आईची ओटी तू भरायची. माझं गुडघं गेलं आता. आंबलीचं बिंदगं बी तूच डोक्यावर घ्यायचं." मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "परवा अडचण न्हाय ना गं तुझी?"

"न्हाय," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

आता झाली का पंचाईत! आमच्या घरात पाळीच्या दिवसांत बाई चुलीला शिवत नाही, मग शेतातल्या पूजेची काय गोष्ट. परवा सकाळी गोळ्या घेतल्या की दुपारच्या आत मी बाजूला बसणार, आणि आत्या विचारणार, तू तर न्हाय म्हणाली होतीस. मी मागच्या अंगणात जाऊन दवाखान्यातल्या सिस्टरला फोन लावला.

"सिस्टर, परवा येळवस आहे हो."

"अगं बया!" सिस्टर आमच्याच भागातली होती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. "माझ्या बी ध्यानात आलं न्हाय बघा. थांबा, मॅडमला विचारते." परत आली ती म्हणाली, "एक दिवस पुढं चालतंय म्हणाल्या. त्याच्या पुढं नको."

म्हटलं चला, सुटले. पूजा होऊन जाऊ दे, दुसऱ्या दिवशी गोळ्या घेऊ, आणि आत्यांना सांगू की ओझ्यानं पाळी आली. इतकं साधं वाटलं होतं मला ते.

येळवसेच्या पहाटे आत्यांनी घर डोक्यावर घेतलं. डाळी, शेंगा, मेथी, वांगी, गाजरं, रानातलं म्हणून जे जे मिळेल ते एका पातेल्यात घालून भज्जी शिजत होती. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, आणि ताकात ज्वारीचं पीठ शिजवून केलेली आंबील. ती ज्या मडक्यात भरतात ते बिंदगं. मालकांनी ते उचलून माझ्या डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवलं. ठेवताना एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं.

शेतात पोचलो तर ज्वारी माझ्या खांद्याला लागत होती. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केलेली, आत पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड मांडलेले. शेजारच्या रानातून माणसं "ओलगे, ओलगे" म्हणून आरोळ्या देत पिकावर आंबील शिंपडत होती. शिवांजलीनं दहा वेळा माझा फोटो काढला. आई शेतात, आई कोपीजवळ, आई बिंदग्यासकट. पोरगी इतकी खुश होती की मला वाईट वाटलं.

आत्यांनी मला कोपीच्या पुढ्यात बसवलं. गुडघ्यावर हात ठेवून त्याही कण्हत खाली बसल्या. माझ्या ओंजळीत गहू, खण, नारळ, हळकुंड दिलं.

"हे सगळं कशासाठी असतं, आजी?" शिवांजलीनं विचारलं. "एवढ्या भाज्या कशाला एकत्र करायच्या?"

"आगं, भुई पोटुशी हाय आत्ता. ज्वारी पोटऱ्यात आलीय, दिसंना का तुला? पोटुशीला कवा काय खावं वाटंल त्याचा नेम न्हाय. म्हनून समदंच द्यायचं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "घाल गं पोरी ओटी. अन् माग काय मागायचं ते. पोटुशी बाई दुसरीला न्हाय म्हनत न्हाय."

मी काळ्या मातीवर ओंजळ रिकामी केली. हात जोडले. मागायचं म्हणजे रणधीरला डॉक्टरकीला नंबर लागू दे, माझी जवळच्या फेरीवर ड्युटी लागू दे, असं काहीतरी मागायचं होतं. आणि मनात आलं, राहू दे. एवढंच. राहू दे.

काय राहू दे, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझा हात आपोआप पोटावर गेला. पाप केलं, देव कोपेल, असलं काही मला वाटलं नाही. मी तसली बाई नाही, दवाखान्यात मी मान वर करून गेले होते. मला ते हवं होतं, बस. कधीपासून हवं होतं कुणास ठाऊक. मिशी, गल्ली, कंबर, नोकरी, सगळ्याचा विचार केला आणि हे एक बघायचं राहून गेलं. डोळ्यांतून पाणी कधी आलं ते कळलं नाही.

"भरून आलं बघ तिला," आत्या शिवांजलीला म्हणाल्या. "पैल्यांदा बसलीय ना पूजेला." त्यांनी आपल्या पदरानं माझे डोळे पुसले.

मालक बोअरच्या पेटीपाशी होते. येळवस असो नाहीतर दिवाळी, या माणसाला स्टार्टरची पेटी उघडल्याशिवाय चैन पडत नाही. मी ज्वारीतून वाट काढत तिथं गेले.

"ठेवू का?"

त्यांना आधी समजलं नाही. मग समजलं. स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "आता? गोळी घेतलीस की."

"एकच घेतलीय. बाकीच्या पर्समध्ये हायेत. तुम्ही सांगा, ठेवू का?"

त्यांनी लांब आंब्याकडं बघितलं. म्हणाले, "तू म्हणशील तसं."

मग मात्र माझा तोल गेला. आमचा आवाज कंडक्टरचा, पुढच्या दरवाज्यातून मागच्या सीटपर्यंत जाणारा. "मी म्हणेन तसं, मी म्हणेन तसं! मी कवा म्हणायचं अन् किती म्हणायचं? जेवायला काय करू, तू म्हणशील तसं. पोराला कुठं घालू, तू म्हणशील तसं. अन् हे पण तसंच? तुमचं काय म्हणणं हाय का न्हाय? तोंड हाय का न्हाय तुम्हाला?"

ते बांधावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं आता रागावतील, आणि खरं सांगते, मला ते चाललं असतं.

"मला पाहिजे व्हतं," ते म्हणाले.

मी एक पाऊल पुढं गेले.

"तू सांगितलंस त्या दिवशी म्या तार भरत व्हतो बघ. समदी चुकली. सोडून पुन्ना भरली." त्यांनी टोपीवरची माती झटकली. "पाहिजे व्हतं मला."

"मग बोलला का न्हाईत?"

"उलट्या तुला व्हायलेल्या. गाडीत उभं तुला राहायचं. जीव तुझा जाणार. म्या कोन मागनारा?"

"नवरा!" मी म्हटलं. "नवरा, दुसरं कोण?" आणि तिथंच मातीत बसून मी ढसाढसा रडले. ते जवळ सरकले, पण हात लावावा का नाही ते त्यांना कळेना, कारण पलीकडं कोपीपाशी आत्या उभ्या होत्या, त्यांना हे आमचं नेहमीचं भांडण वाटलं असणार.

मॅडमना फोन लावला तर मागं आरोळ्याच आरोळ्या. त्याही कुणा पेशंटच्या शेतात येळवसेला गेल्या होत्या. "थांबा, थांबा, बाजूला येते," म्हणाल्या. मी सगळं सांगितलं.

"राजेश्वरी, खरं सांगते, गोड सांगत नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या गोळीनं तिचं काम सुरू केलंय. ते उलटं फिरवायला माझ्याकडं औषध नाही. कुणी आहे म्हणालं तरी घेऊ नका. फक्त राहिलेल्या गोळ्या आता घेऊ नका. कधी कधी टिकतं. बऱ्याचदा नाही टिकत."

"टिकेल का?"

"नाही सांगता येणार. उद्या सकाळी या, सोनोग्राफी करू. त्याच्या आत फार रक्त गेलं, ताप आला, चक्कर आली, तर सकाळची वाट बघू नका, तशाच निघा."

"मॅडम, मी आधी हो म्हटलं, आता नाही म्हणते. तुम्हाला वाटत असेल काय बाई आहे."

"मला काही वाटत नाही. माणसाचा विचार बदलतो," त्या म्हणाल्या. "जेवलात का? जेवून घ्या."

मी जेवले. कधी नव्हे ती दोनदा भज्जी घेतली. मालकांनी स्वतः वाढली, आणि वाढताना वाटीभर तेल वर सोडलं. जाताना रिकामं बिंदगं मी उचलायला गेले तर त्यांनी ते हातातून घेतलं आणि आपल्या डोक्यावर ठेवलं. बाप्या माणूस बिंदगं डोक्यावर घेऊन बेंबळीच्या रस्त्यानं! शिवांजली हसून हसून वाकली. "घरातल्या बाया मेल्या का रं?" आत्या ओरडल्या. मालक ऐकू न आल्यासारखे पुढं चालले. त्यांच्या मागून चालताना, काय सांगू, मला लग्न झाल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळभर मी पलंगावर बसून राहिले. हललं तर पडेल, नाही हललं तर राहील, असा माझा आपला हिशेब. मालक येऊन जाऊन दारातून बघायचे. एकदा आत येऊन म्हणाले, "मागच्या खोलीला खिडकी पाडावी म्हणतो. हवा येत न्हाय तिथं."

"कशाला?"

"असंच," म्हणाले आणि लाजले. चाळिशी ओलांडलेला माणूस लाजला! मी तोंड फिरवून घेतलं, नाहीतर मला पुन्हा रडू आलं असतं.

सकाळी मोटारसायकल नको, हादरे बसतील, म्हणून आम्ही एसटीनं निघालो. माझ्याच डेपोची गाडी. ड्रायव्हर श्रीमंत मामा, माझ्याबरोबर कित्येक वर्षं ड्युटी केलेला. मला सीटवर बसलेली बघून म्हणाला, "आज पाहुणी का?"

"बरं वाटंना मामा. जरा दमानं घ्या."

त्यानं एकदा मालकांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि पुढं काही विचारलं नाही. गाडी अशी हाकली की मागून लोक ओरडायला लागले, बैलगाडी हाय का म्हणून. त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला पाठ. पुढचा कधी येणार ते आधीच कळायचं आणि मी पोटावर दोन्ही हात दाबून धरायची. निम्म्या वाटेत कळ आली. पहिल्यांदा बारीक, मग कंबरेतून फिरून पोटात. मी म्हटलं, भज्जी बाधली असेल. दुसरी कळ आली तेव्हा मांड्यांमध्ये गरम लागलं, आणि मग भज्जीचं नाव घ्यायची सोय राहिली नाही.

मालकांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "काय?"

मी मान हलवली. त्यांनी माझा हात धरला. भर गाडीत, ओळखीच्या माणसांत. धाराशिव येईपर्यंत सोडला नाही.

मॅडमनी सोनोग्राफीचा पडदा स्वतःकडं वळवून बराच वेळ बघितलं. मी म्हटलं, "मला दाखवा." त्यांनी वळवला. मला त्यातलं काही कळलं नाही, नुसतं काळं-पांढरं होतं. एवढं कळलं की त्यात काही हलत नाही.

"सुटत आलंय," मॅडम म्हणाल्या. "आता ते अर्धवट आत राहायला नको, तुमच्या जिवाला त्रास होईल. राहिलेल्या गोळ्या घ्यायला लागतील. आणल्यात?"

आणल्या होत्या. पर्समधून पुडी मीच काढली, मीच सोडली. गालात धरायच्या होत्या त्या, विरघळेपर्यंत. खडू खाल्ल्यासारखी चव. ह्या वेळी मला कुणी विचारलं नाही, निर्णय तुमचाच आहे ना म्हणून.

दुपारपर्यंत सगळं झालं. मॅडमनी पुन्हा तपासलं, म्हणाल्या, साफ आहे. मी भिंतीकडं तोंड करून पडले. मालक स्टुलावर बसलेले. मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही बोलला असता तर..." आणि थांबले. कारण ते बोलले असते तरी मी कदाचित तेच केलं असतं. कदाचित नसतं केलं. हे आता कुणालाच कळणार नाही, आणि त्यांचा चेहरा बघून पुढं बोलवेना. "चुकलंच माझं," ते म्हणाले. मी म्हटलं, "गप बसा." पण रागानं नाही म्हटलं.

घरी आत्यांना सांगावं लागलं. मालकांनीच सांगितलं, माजघरात, हळू आवाजात. मी आत पलंगावर. मग आत्या दारात आल्या. कमरेवर हात.

"मला न्हाय सांगितलंस?"

"आत्या, सांगितलं असतं तर तुम्ही ठेवायला लावलं असतं."

"लावलंच असतं! मग?" त्या ओरडल्या. "लावलं असतं, बोलले असते, भांडले असते. तू न्हाय ऐकलं असतंस. पर पोटात गोळी घेऊन तुला म्या वझं उचलायला लावलं! दोन कोसं चालवत नेली! म्या तुला ओटी भरायला बसवलं, अन् माग म्हनलं! काय मागितलंस तू? सांग, काय मागितलंस?"

मी सांगितलं.

आत्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मग वळून गेल्या. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. शिवांजलीच्या हातून ताट पाठवायच्या. मी मनात म्हटलं, झालं, हे घर आता मला शिक्षा करणार. करू दे. माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला न्हाणीतून त्यांची हाक आली. "ये. पाणी काढलंय."

कढत पाणी होतं. मला पाटावर बसवून त्यांनी स्वतः अंगाला तेल चोळलं. पाठ, कंबर, पोट. पोटावरून हात फिरवताना त्यांचा हात हळू झाला, पण तोंडातून शब्द नाही. डोक्यावरून पाणी घातलं. बाहेर आणून कानाला फडकं बांधलं, पोटाला जुनं लुगडं घट्ट आवळलं. शेगडीत निखारे घेऊन त्यावर शेपा आणि ओवा टाकला आणि शेगडी पलंगाखाली सरकवली. रणधीरच्या वेळी, शिवांजलीच्या वेळी केलं होतं अगदी तसं. काही कमी नाही. मी "आत्या, कशाला..." म्हटलं तर त्यांनी डोळे वटारले.

धूर खिडकीतून गल्लीत गेला. हा वास काय आहे ते आमच्याकडं कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. पलीकडून बब्रुवानच्या आईनं भिंतीवरून डोकं काढलं.

"कस्तुराबाई, शेपाचा वास यायलाय वो. कोन बाळंत झालं?"

ज्या गल्लीच्या भीतीनं मी दवाखाना गाठला होता, ती गल्ली भिंतीवरून आत डोकावत होती. मला वाटलं आत्या म्हणतील, पोट दुखतंय पोरीचं, वात धरलाय, काहीही.

"आमची राजेश्वरी," आत्या म्हणाल्या. आवाज खणखणीत, चार घरं ऐकतील असा.

"आँ? तिला कवा दिवस गेलं व्हतं?"

"गेलं व्हतं."

बब्रुवानची आई गडबडली. काय बोलावं ते न सुचून, असल्या वेळी सगळ्या जे विचारतात तेच तिनं विचारलं. "मग काय हाय? पोरगा का पोरगी?"

आत्यांनी शेगडी पुढं ओढली. निखाऱ्यावर आणखी एक चिमूट ओवा टाकला.

"न्हाय कळलं, बाई," त्या म्हणाल्या, आणि बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खिडकी लावून घेतली.